कलिंगडांच्या गावाचा थांबा

जर्मनीतल्या हेर्नेच्या खाणकामगार वसाहतीत कुणाच्या घरात काय शिजतंय हे शेजारच्या भिंतीला कळायच्या आधी शाबानला कळे. रिफातच्या नकाशावरची ती एक फुली मात्र त्यालाही कधी उलगडली नव्हती.

नकाशा होता बघण्यासारखा. घड्या फाटून चिकटपट्टीवर जगणारा, चहाच्या पेल्यांचे गोल डाग पडलेला, आणि जर्मनीपासून पार तुर्कस्तानातल्या योझगातपर्यंत पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला. इथलं पाणी गोड. इथे टायरवाला, पण दुपारी झोपतो. या नाक्यावर चार तास, पोरांना आधी खायला घालावं. एकतीस उन्हाळे रिफातनं हेच केलं होतं. खाणीतून सुट्टी मिळाली की बायकापोरांना गाडीत कोंबायचं, टपावर कधी शिलाई मशीन, कधी कुणाच्या तरी सुनेची गादी बांधायची आणि सव्वातीन हजार किलोमीटर गावाकडे हाकत सुटायचं. वसाहतीत सगळेच जात. निघण्याआधी सगळेच रिफातच्या दारात येऊन नकाशा बघून जात. सर्बियात निश शहर मागे पडल्यावर एका ठिकाणी नुसती फुली होती. शेजारी अक्षरही नाही.

"हे काय रे अबी?" शाबाननं एकदा बोट ठेवून विचारलं होतं. थोरल्या भावाला म्हणतात तसं सगळी वसाहत रिफातला अबीच म्हणे.

"कलिंगडं."

"सव्वातीन हजार किलोमीटरमध्ये तुला तिथलीच बरी आवडतात?"

"तुला बायको एकच आवडते ना? तसं."

"मला कुठे आवडते!" शाबान म्हणाला आणि विषय हसण्यावारी गेला.

रिफातच्या दोन्ही मुलांनाही एवढंच ठाऊक होतं. ग्युल्तेन मोठी, तुंजाय धाकटा. लहानपणी दर उन्हाळ्यात गाडी हमरस्ता सोडून एका धुळीच्या फाट्याला लागे. बाबा एका म्हाताऱ्याच्या मांडवापाशी थांबत. आई म्हणे, पाय मोकळे करून येते, आणि अक्रोडाच्या झाडांमागे नाहीशी होई. मग बाबाही जात. पोरं भट्टीसारख्या तापलेल्या गाडीत अर्धा तास एकमेकांना चिमटे काढत बसत. परत येताना बाबांच्या काखेत कलिंगड, आणि आईचे डोळे लाल. धूळ गेली, असं ती सांगायची. दर वर्षी तिथलीच धूळ कशी जाते, हे काही त्या वयात सुचत नाही.

त्या झाडांमागे रिफात आणि नाझिरे या आईबापांची पहिली मुलगी होती.

ऐंशी सालच्या जुलैत, सीमेवरच्या रांगेत, बंद पंख्याच्या गाडीत तिला ताप चढला. वर्षाची होऊन नऊ दिवस झाले होते. दवाखाना शोधत फाट्याला लागले तेव्हा शोधायचं कारण उरलं नव्हतं. कलिंगडवाल्या म्हाताऱ्यानं, ड्रागोमिर त्याचं नाव, भाषा कळत नसताना सगळं ओळखलं, कुदळ आणली, गावच्या दफनभूमीच्या कडेला जागा दिली. कागद कुणी केला नाही. कोण करणार, आणि कुठल्या भाषेत? नाझिरे गावी पोचली आणि त्या वर्षी तिथेच राहिली, कारण तिला तिसरा महिना होता. जानेवारीत दुसरी मुलगी झाली. तेव्हा गावाकडे जे पुष्कळ घरांत व्हायचं तेच रिफातच्या बापानं केलं. गेलेल्या पोरीचं नाव सरकारदरबारी जिवंतच होतं. नव्या पोरीला नोंदवायला तालुक्याला कशाला जा? तोच कागद तिला दिला. तेच नाव. तोच वाढदिवस. ग्युल्तेन.

ब्याऐंशीत तिला जर्मनीला आणली तेव्हा नाक्यावरचा अधिकारी म्हणाला होता, तीन वर्षांची पोर अजून बोलत नाही? शाळेत डॉक्टरनं लिहून दिलं, वयाच्या मानानं अशक्त आहे, दूध पाजा. नाझिरेनं इतकं दूध पाजलं की पोरीला दुधाचा वासही नकोसा झाला. अशक्त नव्हती बिचारी. दीड वर्षानं लहान होती.

चौऱ्याऐंशीत रिफातनं इथूनच एक दगड कोरून नेला. घोंगडीत गुंडाळून मागच्या सीटपुढे ठेवला. ग्युल्तेन त्यावर पाय ठेवून तीन दिवस गाणी म्हणत गेली. तिचंच नाव होतं त्याच्यावर.

गेली नऊ वर्षं मात्र विमान होतं. नाझिरेचे गुडघे, तुंजायची नोकरी, तीन तासांत घरी. रिफातला ढगांच्या वरून काहीच दिसत नसे. या वर्षी, दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत, डोळ्यांच्या डॉक्टरनं त्याला सांगितलं की मधोमध पडलेला काळा ठिपका आता वाढतच जाणार. रिफात घरी आला, नकाशा काढला, आणि बोट फुलीवर ठेवून बघितलं. बोट दिसत होतं. फुली दिसत नव्हती.

"या उन्हाळ्यात गाडीनं जायचं," त्यानं नाझिरेला सांगितलं. "सगळ्यांनी. पोरांना तिथे नेतो आणि तिथेच सांगतो. आपल्यामागे तिला विचारणारं कोण आहे?"

नाझिरे वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. ती थांबली नाही. "आणि ग्युल्तेनला काय सांगशील? बाई गं, हे नाव तुझं नाही, वाढदिवस तुझा नाही, हा दगड मात्र तुझ्या नावाचा आहे?"

"सांगेन कसंही."

"कसंही सांगायचं असतं तर चाळीस वर्षं गप्प कशाला बसलास?"

रिफातनं सोललेले दोन दाणे तोंडात टाकले आणि उठला.

रविवारच्या नाश्त्याला पोरं आली तेव्हा त्यानं ऑलिव्हची वाटी बाजूला सारून नकाशा पसरला. तुंजाय हसायलाच लागला.

"बाबा, विमान नावाची वस्तू निघाली आहे. बसायचं, सँडविच खायचं, उतरायचं."

"सँडविच तुझ्या आईच्या हातचं नसतं."

"आईचे गुडघे ऑस्ट्रियातच संप पुकारतील."

"माझ्या गुडघ्यांचं मी बघते," नाझिरे म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले, रिफात सगळ्यांत जास्त. "एकदा जाऊन येऊ. तुझ्या बाबांची हौस."

ग्युल्तेननं बापाचा चेहरा पाहिला. तिला त्याच्या डोळ्यांचं ठाऊक होतं; दवाखान्यात तीच घेऊन गेली होती. "जाऊ या रे," ती भावाला म्हणाली. "तू चालव, मी चालवते. बाबा शेजारी बसून शिव्या देतील."

आणि मग बेत असा काही रंगला की पुढचे दोन महिने घरात दुसरा विषय नाही. आठ सीटांची गाडी ठरली. कुणी कुठे बसायचं याचा नाझिरेनं कागद केला आणि ती सोडून कुणालाच तो पटला नाही. उकडलेली अंडी न्यायची की नाही यावरून बहीणभाऊ लहान असल्यासारखे भांडले. तुंजायच्या मते नव्वद साली गाडीत फुटलेल्या अंड्याचा वास अजून त्याच्या नाकात होता. शाबान रोज येऊन फुकट सल्ला आणि नाझिरेचा चहा यांची अदलाबदल करून जाई. तो दर वर्षी गाडीनंच जायचा. विमानात बोलायला शेजारी एकच मिळतो, ही त्याची अडचण.

तुंजाय फोनवर रस्ता काढी. रिफात दर वेळी एकच विचारी. "निशच्या पुढे फाटा दाखवतो का तो?"

"बाबा, आता तिथे सलग महामार्ग झालाय. फोन म्हणतो सरळ जा."

"फोनला म्हणावं, तुझ्या आईला घेऊन तू जा सरळ. आपण उतरायचं."

रिफात वसाहतीत आता जरा ताठ चालायला लागला होता. मनातल्या मनात तो वाक्यं जुळवी. आधी ड्रागोमिरबद्दल सांगायचं. मग उन्हाबद्दल. मग, पोरी, इकडे ये. त्याच्यापुढे वाक्य जात नसे. तिथे गेल्यावर जाईल, असं तो स्वतःला समजावी.

मेमध्ये एका रविवारी पोरं मुद्दाम लवकर आली. तुंजायच्या हातात लिहून काढलेलं वेळापत्रक होतं आणि चेहऱ्यावर लपवता न येणारं हसू.

"ऐका. दहा जुलैला पहाटे निघायचं. एक मुक्काम ऑस्ट्रियात, एक बेलग्रेडला. बारा तारखेला दुपारी आपण कुठे असणार, सांगा बाबा?"

रिफातच्या हातातला चहाचा पेला तिथेच राहिला.

"कलिंगडांच्या गावात!" ग्युल्तेननंच सांगून टाकलं. "बारा जुलै, बाबा. माझी चाळिशी. हा म्हणत होता हॉटेल करू. मी म्हटलं, हॉटेल कसलं? जिथे लहानपणभर गाडीत उकडून निघालो, तिथेच उतरायचं. अक्रोडाच्या झाडाखाली चादर टाकायची आणि केकऐवजी कलिंगड कापायचं. त्याच्यावर चाळीस मेणबत्त्या खोचायच्या."

"आणि यंदा आईसारखं आपणही झाडांमागे जाऊन बघायचं," तुंजाय म्हणाला. "तीस वर्षं काय लपवून ठेवलंय तिथे कोण जाणे."

पोरं हसली. नाझिरे उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ सोडला. नळाखाली भांडं नव्हतं.

रिफातनं लेकीकडे पाहिलं. मधला काळा ठिपका नेमका तिच्या चेहऱ्यावर आला होता. कडेनं केस दिसत होते, कानातली मोत्याची कुडी दिसत होती. अडतीस वर्षांची होती ती. हिवाळ्यातली. तिला हे झाडाखाली, मेणबत्त्या पेटवल्यावर सांगायचं, की ज्या दिवसाचा तू आनंद करतेयस तो दिवस या मातीखालचीचा आहे?

"मी काय म्हणतो," रिफात म्हणाला. "विमानानंच जाऊ."

तुंजायनं वेळापत्रक खाली ठेवलं.

"बाबा?"

"तुझ्या आईचे गुडघे. तीन दिवस बसवणार नाही तिला."

"दोन महिने आम्हाला नाचवलंत!" तुंजाय भडकला. "मी रजा बदलून घेतली. गाडी ठरवली. आता गुडघे आठवले?"

"आता आठवले."

"म्हातारपण आलंय तुम्हाला बाबा, दुसरं काही नाही."

"आलंय," रिफात म्हणाला आणि नकाशाची घडी घालायला लागला. घडी चुकली. परत उलगडून घातली, परत चुकली. शेवटी ग्युल्तेननं त्याच्या हातातून घेतला आणि घालून दिली. तिला वाटलं, डोळ्यांची लाज वाटते बापाला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाबान सामान बांधत होता तेव्हा रिफात त्याच्या दारात उभा राहिला. हातात नकाशा आणि त्यांच्याकडे कबरीवर ओततात त्या पाण्याची झाकणाची एक लहान बाटली. सगळ्या वसाहतीत गाडीनं जाणारा आता हाच एक उरला होता. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असा माणूस निवडावा लागला, यापेक्षा वाईट काय!

"बारा तारखेला कुठे असशील?"

"निशच्या आसपास. का?"

"फुलीपाशी उतर. मांडव असेल नसेल. अक्रोडाच्या झाडांमागे जा, कुंपणाला लागून एक दगड आहे, गुडघ्याएवढा. हे पाणी त्याच्यावर ओत. आणि..." रिफातनं श्वास घेतला. "काही विचारू नकोस."

शाबाननं तोंड उघडलं. मग बाटली घेतली आणि सीटखाली नाही, छातीवरच्या खिशात ठेवली.

बारा तारखेला योझगातजवळच्या घरी अंगणात टेबल मांडलं होतं. शहरातून आणलेला केक, त्यावर चाळीस मेणबत्त्या; तुंजायनं मोजून लावल्या होत्या आणि वाऱ्यानं विझतील त्या परत पेटवत होता. रिफातचा फोन वाजला. तो अंगणाच्या कडेला गेला.

"ओतलं," शाबानचा आवाज आला. त्यानंतर बराच वेळ नुसता वारा. शाबान इतका वेळ गप्प बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. "मांडव नाही रे राहिला. म्हाताऱ्याचा नातू आहे. दगडाभोवतीचं गवत कापलेलं होतं."

"दगडावर..." रिफात म्हणाला. "वाचलंस?"

"चष्मा गाडीत राहिला, अबी."

रिफातला ठाऊक होतं, शाबान चष्मा लावत नाही.

"बाबा, या ना!" ग्युल्तेननं हाक मारली. "मेण वितळून केकवर चाललंय. कुणाचा फोन?"

"शाबानचा." तो टेबलापाशी आला. "कलिंगड फिकं निघालं म्हणतो."

नाझिरेनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याची बाही धरली. ग्युल्तेननं गाल फुगवले, सगळे टाळ्या वाजवायला लागले. रिफातनंही वाजवल्या.