फ्रीडाबाईंची डावी रेघ

आमच्या गल्लीत मोटार ठेवायला जागा नाही म्हणून रडणाऱ्यांनी फ्रीडा ओल्डरॉइडबाईंची शेड एकदा उघडून पाहायला हवी होती. अकरा बाबागाड्या, एक स्टूल, रंगाचे डबे आणि स्वतः फ्रीडाबाई असं सगळं त्यात मावायचं, आणि वर त्या मला चहाला बोलवायच्या. मी दारात उभा राहून प्यायचो. कप आत आणि मी बाहेर, एवढीच सोय होती.

बाबागाड्या म्हणजे हल्लीच्या त्या घडी होणाऱ्या छत्र्या नव्हेत. आमच्या यॉर्कशरच्या खोऱ्यात फेअरबर्नच्या कारखान्यात बनायच्या तशा, बोटीसारख्या पोटाच्या, मोठ्या तारांच्या चाकांच्या, चामडी पट्ट्यांवर डुलणाऱ्या. मला स्वतःला अशाच एका गाडीत घालून, भर जानेवारीत अंगणात झोपवून माझी आई कपडे धूत असे. ताजी हवा मुलाला चांगली, असं तेव्हा सगळ्यांचं मत होतं. ‘म्हणूनच तुझी अख्खी पिढी गोठल्यासारखी वागते,’ असं फ्रीडाबाईंचं होतं.

नवरा गेल्यावर बायका मांजर पाळतात, हिने चाकं पाळली, अशी पबमध्ये थट्टा चालायची. फ्रीडाबाईंना ती ठाऊक होती. त्या म्हणायच्या, “मांजर गंजत नाही रे राजा. मग करायचं काय त्याचं?”

सगळ्या आळीला त्या ‘राजा’च म्हणत. पोस्टमनला, डॉक्टरला, एकदा तर वीज तोडायला आलेल्या माणसालासुद्धा. मी त्यांना मिसेस ओ म्हणायचो. माझ्याकडे पावाची व्हॅन आहे. सकाळची फेरी संपली की त्यातले खण काढून आम्ही बाबागाड्या आणायला जायचो. कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या गोठ्यातून. एकीत कोबी लावला होता, एकीत शेतकऱ्याची आंधळी कुत्री बाळंत झाली होती. फ्रीडाबाई त्या कुत्रीची रीतसर माफी मागून, पिलांना खोक्यात हलवून, गाडी घेऊन आल्या. मग महिना-दोन महिने आऱ्यांचा गंज घासायचा, चामडी पट्टे तेल पाजून मऊ करायचे, टपाला नवं कापड शिवायचं, रबराच्या धावा चढवायच्या. माझ्या पावांना जुन्या अस्तराचा वास लागतो अशी तक्रार यायची. मी दोष बेकरीच्या यीस्टवर ढकलून द्यायचो.

पण हे सगळं फ्रीडाबाईंच्या लेखी हमालीचं काम. खरं काम म्हणजे रेघ. फेअरबर्नच्या गाडीच्या अंगावर, कडेपासून अर्ध्या इंचावर, एक बारीक पांढरी रेघ सगळीकडून फिरून स्वतःलाच येऊन मिळते. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही. करंगळी कडेला टेकवायची, खारीच्या केसांचा लांब ब्रश धरायचा, श्वास धरायचा आणि गाडीभोवती चालत जायचं. फ्रीडाबाई पंधराव्या वर्षी त्या कामाला लागल्या आणि कारखान्याला कुलूप लागेपर्यंत तेच करत होत्या. रेघा ओढणाऱ्या सात जणी होत्या. कारखान्याच्या यादीत त्यांची नावं नव्हती, ‘रंगखातं, मुली’ एवढंच लिहिलेलं असायचं. चाळिशीतली ग्लेनिससुद्धा मुलगीच.

त्या सात जणींत फ्रीडाबाई एकट्याच डावखुऱ्या. बाकीच्या गाडीभोवती एका बाजूने फिरायच्या, ह्या दुसऱ्या बाजूने. अरुंद खोलीत रोज टक्कर व्हायची आणि रोज शिव्या खायच्या. पण त्यामुळे झालं असं की त्यांच्या रेघेचा जोड, जिथे जाड सुरुवात आणि बारीक शेवट एकमेकांना भेटतात तो, दांडीखाली उजव्या कोपऱ्यात पडायचा. बाकी सगळ्यांचा डाव्या. म्हणून गाडी कुठेही सापडो, पोपडे निघालेली असो की कोंबड्यांनी बरबटलेली, ती आपली की दुसरीची हे त्या वाकून पाहायच्या आणि सांगायच्या.

आपली अशी एकच सापडली. गर्द निळी, एकसष्ट सालची. फ्रीडाबाईंनी तिचं सगळं नवं केलं, पण रेघेला हात लावला नाही. कापसाचा बोळा जिभेवर ओला करून दोन आठवडे इंच इंच पुसली फक्त. “थुंकीसारखा साबण नाही राजा. फुकटही आहे.”

आणि मग मुलाचा फोन आला. कीथ दक्षिणेत स्विंडनला असतो. आईचे गुडघे गेलेत, ऑक्टोबरात घर विकायचं आणि तिने आपल्याजवळ दोन खोल्यांत राहायला यायचं, असं त्याने ठरवलं होतं. तो वाईट नाही, फक्त घाईत असतो. सामान पाहायला आला तेव्हा मी तिथेच होतो.

“आई, अकरा बाबागाड्या आणि घरात एक बाळ नाही!”

“तुझ्याकडे एकच मागितलं होतं. तू कुत्रा आणलास.”

“ह्या कुठे ठेवणार तू?”

“दहा विकते. एक म्युझियमला देणार आहे.”

गावात जुन्या गिरणीत म्युझियम होत होतं, आणि त्यात बाबागाडीसाठी काचेची एक खोली. एकच गाडी ठेवायची होती. बाबागाड्यांच्या मेळाव्यात जिला सुवर्णपदक मिळेल ती. शेजारी चिठ्ठी लागणार होती: पट्टे कोणी बसवले, शिवण कोणाची, रेघ कोणाची. फ्रीडाबाईंनी ती चिठ्ठी मनात किती वेळा वाचली असेल कोण जाणे. मला त्या एकदाच म्हणाल्या, “‘मुली’ नको. नाव हवं. एवढंच.”

मेळावा मे महिन्यात चॅपलमागच्या मैदानात भरला. चाळीस गाड्या, दुप्पट म्हाताऱ्या, चहाचा तंबू आणि आल्याचा केक. परीक्षक डेस्मंड क्रॅबट्री, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. फेअरबर्न गाड्यांवर चाळीस पानी पुस्तिका लिहिलेला जगातला एकमेव माणूस, आणि ती पाठ असलेलाही. हातात भिंग, कपाळावर खाणकामगारासारखा दिवा. निळ्या गाडीभोवती ते तीनदा फिरले.

“मिसेस ओल्डरॉइड, पट्टे उत्तम. टप उत्तम. पण ही रेघ…”

“रेघेचं काय?”

“नवी आहे.”

“एकसष्ट सालची आहे.”

“जोड उजवीकडे आहे. हेग साहेबांचा जोड डावीकडे असतो. पान सव्वीस.”

“ती हेगची नाहीच. माझी आहे.”

“तेच तर मी म्हणतोय. रेघ तुम्ही ओढलीत.”

“मी ओढली, पण तेव्हा!”

क्रॅबट्रींनी फळी उचलून गाडीचा तळ दाखवला. निळ्या खडूत ‘सी. एच.’ अशी अक्षरं होती. क्लिफर्ड हेग.

“अहो, तो तपासनीस होता!” फ्रीडाबाईंचा आवाज चहाच्या तंबूपर्यंत गेला. “गाडी पास झाली की खडू ओढायचा. उद्या अंड्यावरचा शिक्का पाहून म्हणाल, अंडं इन्स्पेक्टरने घातलं!”

तंबूतून हशा आला. क्रॅबट्रींनी हशा ओसरू दिला. तीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस.

“हेग साहेबांचा फोटो आहे. हातात ब्रश आहे.”

“माझा आहे तो ब्रश. फोटोवाला आला तेव्हा मागून घेतला. धरलाय कसा बघा, मिशीला कलप लावणार असल्यासारखा.”

“मी स्वतः त्यांची मुलाखत घेतली होती. रेघा तुमच्याच ना, असं विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.”

“हो ना. बोलायचा कंटाळाच होता त्याला.”

“आणखी कोणी सांगू शकेल?”

सात जणींपैकी पाच चॅपलच्या पलीकडच्या भिंतीशी झोपल्या होत्या. सहावी ग्लेनिस वृद्धाश्रमात होती आणि फ्रीडाबाईंना आपली मावशी समजायची.

क्रॅबट्रींनी मग आवाज हळू केला. तेच वाईट झालं. ओरडले असते तर फ्रीडाबाईंनी त्यांना त्याच गाडीत घालून टेकडीवरून सोडलं असतं. ते म्हणाले, “वयानुसार आठवणी जरा सरकतात हो. माझ्याही सरकतात.” आणि रेघेच्या पंधरापैकी शून्य गुण मांडले. जाताना अगदी मनापासून सांगून गेले की गाडी अप्रतिम आहे, रेघ तेवढी नियमाप्रमाणे करून घ्या, सुवर्ण ह्या खेपेला कोणालाच नाही, सप्टेंबरच्या मेळाव्यात पदक तुमचंच.

उन्हाळाभर फ्रीडाबाईंनी दहा गाड्या विकल्या. दोन लग्नाच्या फोटोवाल्याने नेल्या, एक केकच्या दुकानाने खिडकीत मांडायला, एक कुंड्यांसाठी. उरलेल्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. शेड मोठी झाली. मी आत उभा राहून चहा प्यायला लागलो, आणि तो मला गोड लागेना. कीथचा दर आठवड्याला फोन: निळीचं काय? इथे दाराबाहेर काही ठेवू देत नाहीत, आई. नाहीतर भंगारवाल्याला सांगतो.

सप्टेंबरच्या मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात मी पाव द्यायला गेलो तर फ्रीडाबाई स्टुलावर बसून बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवत होत्या. उजवा कोपरा आधीच गेला होता. निळ्यावर नुसता धुरकट पट्टा.

“मिसेस ओ!”

“पाव तिकडे ठेव. ओलं आहे.”

“एवढा एक कोपरा तरी राहू द्या. टपाखाली, जिथे कोणी बघणार नाही.”

“जिथे कोणी बघत नाही तिथे मी पन्नास वर्षं आहेच की राजा.” हात थांबला नाही. “आणि अर्धं खोटं मला जमत नाही. करायचं तर नीट.”

दुपारी त्यांनी रेघ ओढली. उजव्या हाताने. शाळेत मास्तरणीने त्यांचा डावा हात खुर्चीला बांधून उजव्याने लिहायला शिकवलं होतं. “बघ, शिक्षण कधी वाया जात नाही,” म्हणाल्या. नवा ब्रश आणला होता. जुना खिशातच ठेवला. त्या उलट्या बाजूने गाडीभोवती फिरल्या, दोनदा स्टुलाला धडकल्या. कोणाला शिव्या घालायच्या म्हणून असेल, स्टुलाला घातल्या. जोड डाव्या कोपऱ्यात, पान सव्वीसप्रमाणे.

पंधरापैकी पंधरा. क्रॅबट्रींचे डोळे भरून आले. “आता कशी अस्सल दिसतेय!” म्हणाले, आणि फ्रीडाबाईंशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं.

म्युझियम उघडलं त्या दिवशी मी त्यांना व्हॅनमधून घेऊन गेलो. काचेत निळी गाडी, खाली चिठ्ठी. ‘रेघ: क्लिफर्ड हेग यांची पद्धत. देणगी: एक स्थानिक हौशी संग्राहक.’ फ्रीडाबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचली.

“स्पेलिंग बरोबर आहे,” म्हणाल्या.

परतताना त्यांनी विचारलं, “खरं सांग. आधीची रेघ कशी होती? आणि ही?”

मी इतकी वर्षं त्यांच्या गाड्या वाहिल्या, त्यांचा चहा प्यालो. आणि माझ्या तोंडून खरं निघालं. “मला दोन्ही सारख्याच वाटल्या, मिसेस ओ.”

चौकातून वळल्यावर त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, “मला वाटलं होतं, तुला तरी दिसत असेल.”

ऑक्टोबरात त्या स्विंडनला गेल्या. जाताना जुना ब्रश माझ्या हातात दिला. माझ्या हाती पडून तो काय करणार होता? पण एका दिवशी फेरीनंतर सहज तो रंगात बुडवून पावाच्या रिकाम्या खणावर मी रेघ ओढली. उजव्या हातात केस विस्कटले आणि दोन रेघा उमटल्या. डाव्या हातात धरला तर वाकडी का होईना, एकच. तीस वर्षं डाव्या हाताने झिजलेला ब्रश! माझ्यासारख्या ठोंब्यालाही दिसलं. हेगचा डावा हात तर फोटोत पॅन्टच्या खिशात आहे.

मी तसाच, हाताला रंग असताना, क्रॅबट्रींकडे धावलो. सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिला. फोटो काढून शेजारी ठेवला. “तोच!” म्हणाले. “दांड्यावरचा हा चरा बघा. फोटोतलाच ब्रश आहे हा!” मी पुन्हा डाव्या हाताचं सांगितलं. ते मान डोलावत राहिले. ब्रश त्यांनी मला परत दिला नाही, आणि एवढ्या आनंदात असलेल्या माणसाच्या हातातून तो ओढून घेण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

आता तो निळ्या गाडीशेजारी काचेत आहे. खाली चिठ्ठी आहे: ‘क्लिफर्ड हेग यांचा ब्रश.’

दर रविवारी स्विंडनहून फोन येतो. गुडघे, कीथ, कीथचा कुत्रा, सगळं सांगून झालं की फ्रीडाबाई विचारतात, “ब्रश सांभाळतोस ना रे राजा? त्यावर धूळ बसू देऊ नकोस.”

“नाही बसत, मिसेस ओ,” मी म्हणतो. “काचेत ठेवलाय.”