आबांच्या बैठकीचा दगड

आमच्या मैदानाला स्टेडियम म्हणायची सुरुवात आम्हीच केली. बेडसे लेण्यांच्या खालच्या अंगाला गावाची एक पड जागा, दोन्ही टोकांना लोखंडी पायपांचे गोल आणि उतारावर आम्ही पोरांनी रचलेल्या तीन दगडी पायऱ्या. एवढ्यावर स्टेडियम म्हणायला छाती लागते, आणि ती आमच्याकडे होती.

पायऱ्या रचताना शेवटी एक दगड कमी पडला. मैदानाच्या कोपऱ्यात, शेजारच्या भातखाचराला लागून एक घडीव दगड अर्धा पुरलेला दिसला. मी पहारीने उपटला आणि वरच्या पायरीत बसवला. तो हद्दीचा दगड होता हे मला पुढे कधीतरी कळलं. तोवर सांगायची हिंमत गेली होती.

ते खाचर कसणारे आबा प्रत्येक मॅचला यायचे आणि नेमके त्याच दगडावर बसायचे. मी गोलकीपर. त्यांच्याकडे बघण्याच्या नादात कितीतरी सोपे गोल खाल्लेत.

गेल्या वर्षी आबांच्या पुतण्यांनी खाचर बंगल्यासाठी विकलं. नवा मालक म्हणाला, माझी हद्द तुमच्या मैदानाच्या मध्यापर्यंत येते. खुणेचा दगड दाखवा, नाहीतर कुंपण घालतो. मोजणी ठरली आणि माझी झोप उडाली. मैदान गेलं असतं तर ते माझ्या पहारीमुळे गेलं असतं.

मोजणीच्या आदल्या दिवशी आबांच्या ओट्यावर जाऊन सगळं सांगून टाकलं.

"मंग? मला म्हाईत न्हाई व्हय?" आबा तंबाखू मळत म्हणाले. "माज्या बांधाचा दगुड मी वळकनार न्हाई? त्याच आठवड्यात त्या खड्ड्यात खुनंसाठी करंजाचं झाड लावलं."

कोपऱ्यातलं ते झाड! त्यात चेंडू अडकला की मी त्याला मनसोक्त शिव्या घालायचो.

"मग दगडावर का बसायचात, आबा?"

"परत कुनी उचलून न्हेऊ नये म्हनून. फुटबॉल मला काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी मोजणीवाल्यांनी यंत्र लावलं, नकाशा पाहिला आणि खुंटी ठोकली ती करंजाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर. मैदान सगळंच्या सगळं आमचं राहिलं. मी तिथेच गवतात बसकण मारली. इतकं हलकं मला कुठलीही मॅच जिंकून वाटलं नव्हतं.

दगड आम्ही करंजाशेजारी परत रोवला. पायरीत खिंड पडली. रविवारी हातमोजे चढवताना मनात आलं, आता आबा कशाला येतील? राखायला काही उरलंच नाही. सुटका झाली होती, तरी जरा वाईट वाटलं.

शिट्टी वाजायच्या आधी ते आले. खिंडीत गोणपाटाची घडी ठेवली, तिच्यावर ऐसपैस बसले आणि ओरडले, "आरं, चेंडूकडं बघ की! हिकडं काय बघतूस?"