बोर्डाचा उतार

चाकांवरच्या घरात राहायचं तर पहिलं काम म्हणजे चाकांखाली फळ्या सरकवून गाडी समपातळीत आणणं. आमची कॅराव्हॅन भाड्याची, मुक्काम आठ दिवसांचा; तरी मी रोज सकाळी लेव्हलच्या नळीतला बुडबुडा बघतो. समुद्राकाठच्या या पार्कात ते सगळ्यांना माहीत झालंय.

म्हणूनच शेजारच्या गाडीतले अण्णा काल दुपारी मला बोलवायला आले. ते आणि माई रोज गाडीसमोर टेबल मांडून कॅरम खेळतात. माईंचा नेम पक्का. पण आठवडाभर त्यांचा स्ट्रायकर सारखा उजवीकडे जातोय.

“बोर्डच उतरता असणार,” अण्णा म्हणाले. “नाहीतर ही मला कसली जिंकू देतेय.”

मी लेव्हल बोर्डावर उभी, आडवी, तिरकी ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्ये होता. माईंचा उजवा हात मांडीवर बारीक थरथरत होता. त्यांनी तो डाव्या हाताखाली दाबून धरला होता.

“काय निघालं हो, भाऊ?” त्यांनी विचारलं.

नीट मोजलं की माणसाला निदान आपण कुठे आहोत ते कळतं, असं मी आजवर मानत आलो. ते कळणं कुणाला नकोही असू शकतं, हे ध्यानात आलं नव्हतं.

“उजवीकडे थोडा उतार आहे,” मी म्हणालो.

“बघा, मी म्हणतच होते.”

अण्णांनी वर्तमानपत्राच्या घड्या टेबलाच्या उजव्या पायांखाली घातल्या. आता बोर्ड खरोखरच डावीकडे कलला. माईंनी नेम धरला. स्ट्रायकर उजवीकडेच गेला.

“अजून एक घडी घालतो,” अण्णा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.