पायरीवरची काजळी

सभागृहाच्या भिंतीवर आमच्या मामाने काढलेला फोटो लावलाय, खाली पितळी पाटीवर त्याचं नाव. लोकांना केवढं कौतुक! त्याने काय दिवे लावले ते मला विचारा.

आग विझून तिसरा दिवस होता. गल्लीत अजून धूर, आणि हे महाशय तीन पायांचा कॅमेरा घेऊन हजर, अंगात इस्त्रीचा कोट! तेव्हा फोटो काचेवर उमटायचा आणि वीस आकडे मोजेपर्यंत जो हलेल तो उमटायचाच नाही. मामा ओरडला, "कोणी हलू नका रे!" माणसं राखेत भांडीकुंडी शोधत होती, मीसुद्धा. याचं ऐकतंय कोण? ऐकलं एकट्या आईने. आमच्या जळक्या दाराच्या पायरीवर श्वास रोखून बसली. धाकट्या भावाचा शब्द ना!

काच धुतली तर अख्ख्या गल्लीत आई तेवढी उमटलेली. मामाचं तोंड वाकडं. "ताई, मध्येच कशाला बसलीस? सगळा देखावा नासला." चाकूच्या टोकाने त्याने तिला काचेवरून खरवडून टाकलं. काचेवरून कागदावर फोटो छापला की खरवडलेली जागा काळी येते. जळक्या दारात काळा डाग, कोणाला कळणार? फोटोला पदक मिळालं.

पुढे नगरपालिका ज्याची त्याला जागा परत द्यायला बसली. आमचे कागद जळून गेलेले. साहेबाने मामाचाच फोटो पुढे सरकवला. "बाई, इथे कोणी राहत नव्हतं. एक माणूस दिसत नाही."

"मी होते. पायरीवर बसले होते."

"दाखवा."

आईने शेजारी बसलेल्या मामाकडे पाहिलं. 'काच मी खरवडली', एवढंच बोलायचं होतं त्याने. पण मग पदकाचं काय? बसला मेला मूग गिळून! आमच्या घरावरून रस्ता गेला.

फोटो भिंतीवर लागला त्या दिवशी मामा पाहुण्यांना समजावत होता, "ही पायरीवरची काजळी बघा, किती बारीक टिपली आहे!"

आई पुढे झाली. म्हणाली, "काजळी नाही रे, ती मी. तू हलू नको म्हणालास, म्हणून हलले नव्हते."