नेट गेलं तर?

ऑफिसात तिला पाठीमागे 'अडेलतट्टू' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणं हे तिचं काम. या खेपेला रुग्णवाहिका पाठवणाऱ्या कंट्रोल रूमसाठी नवी यंत्रणा उभारायची होती आणि मागण्या मारुतीच्या शेपटासारख्या वाढत चालल्या होत्या.

"सगळ्या सारख्याच महत्त्वाच्या," मॅनेजर म्हणाला. "यादीत वरून सुरू करा."

"सारख्या कशा, सर? बटणाचा रंग उद्याही बदलता येईल. पण नेट गेलं तरी गाडी पाठवता आली पाहिजे, हे शेवटी आठवलं तर पायापासून उकरावं लागेल. अशा मागण्या आधी वेचून काढू."

"नेट जातंय कुठे? पुढच्या वर्षी बघू."

ती उठली ती थेट कंट्रोल रूममध्ये जाऊन बसली. फोन घेणाऱ्या मावशींना विचारलं, "नेट जातं का हो इथलं?"

"जातं काय विचारतेस? पाहुण्यासारखं येतं म्हण!" मावशी हसल्या. मग आवाज उतरला. "गेलं की आम्ही या खोलीतून त्या खोलीत ओरडतो. मागे एकाच घरी दोन गाड्या गेल्या. दुसरं घर वाट बघत राहिलं."

परत आल्यावर तिने नेटविना चालण्याची सोय नसलेल्या आराखड्यावर सही करायला साफ नकार दिला. मॅनेजर लालबुंद झाला. घरी नवराही म्हणाला, "जरा नमतं घेतलंस तर काय बिघडेल?"

"माझं काहीच नाही. वाट बघणाऱ्याचं बिघडेल."

तिला डावलून काम पुढे रेटलं गेलं. गिऱ्हाइकापुढे पहिलं प्रात्यक्षिक ठरलं. पडद्यावर नकाशा झळकत होता, मॅनेजर रंगात आला होता. ती उठली आणि तिने नेटची वायर उपटली. नकाशा जागीच थिजला.

"आता पाठवा गाडी," ती म्हणाली.

कंट्रोल रूमच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी विचारलं, "हे असंच राहणार?"

"नेट येईपर्यंत."

"मग हे आमच्या काय कामाचं?"

आराखडा मोडून नव्याने मांडावा लागला. नोंदींची एक प्रत कंट्रोल रूममध्येच ठेवायची, नेट आलं की जुळवून घ्यायची, असं ठरलं. काम लांबलं, पण यंत्रणा नीट चालू लागली. मॅनेजरने मात्र तिच्याकडे माफीनामा मागितला.

"चुकलं काय ते सांगा, लगेच लिहिते."

त्याने तो विषय सोडला. तिची बढती दुसऱ्याला मिळाली. तिने त्याचं मनापासून अभिनंदन केलं, डबा उघडला आणि पोटभर जेवली.