दोर कुणी सोडला

बावीस वर्षं पेपरात घासल्यावर मी नागपूरच्या एका छोट्या शोधपत्रकारितेच्या संस्थेत आलो. संस्था लोकांच्या देणग्यांवर चालते आणि गावोगावची साधी माणसं तिला बातम्या पुरवतात. नियम एकच: ज्यानं शोधलं त्याचं नाव आधी, आमचं नंतर. मला तो पटलाही होता. मग पारशिवनीकडच्या एका खेड्यातल्या, शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बोअरची बातमी पाठवली.

सरकारी कागदावर बोअर दोनशे फूट खोल, ठेकेदाराला पैसेही तेवढ्याचे. ह्या बाईंनी काय केलं, तर शिवणाच्या टेपनं मोजून दर दहा फुटांवर दोराला लाल चिंधी बांधली, टोकाला लोखंडी नट अडकवला आणि दोर आत सोडला. साठ फुटांवर टेकला. चार जणांसमोर व्हिडिओही काढला. इतकं साधं! मी असतो तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून महिनोन्‌महिने वाट बघत बसलो असतो. माझा नुसता जळफळाट झाला.

पडताळणीला संपादकबाईंनी मलाच पाठवलं. खरं सांगतो, काहीतरी चुकलेलं निघावं म्हणूनच गेलो. दोर मी स्वतः सोडला. सहावी चिंधी आत गेली आणि दोर सैल पडला.

"बरोबर आहे न, सर?" ताईंनी विचारलं.

मी चिंध्यांमधलं अंतर मोजून पाहिलं. तेही बरोबर होतं.

परतल्यावर संपादकबाईंना म्हणालो, "ताईंचं नाव नको टाकू या. एकट्या राहतात, ठेकेदार त्याच गावचा." मी जाऊन आलेला, म्हणून त्यांनी मानलं. बातमी आमच्या वेबसाइटवर एकट्या माझ्या नावानं लागली. दिवसभर अभिनंदनाचे फोन घेतले आणि मनातून सुखावलो.

तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन.

"सर, माहं नाव काहून नाही टाकलं?"

"तुमच्या काळजीपोटी, ताई."

"गावात तं सर्वायले मालूम आहे, दोर मीच सोडला. नाव असतं तं ठेकेदार वचकून राहिला असता. आता त्याचे लोक म्हणून राहिले, बातमीत तू कुठीच नाही, तू खोटी. ब्लाउज शिवाले टाकणाऱ्या बाया बी येऊन नाही राहिल्या." मग आवाज खाली आला. "पण तुम्ही माही काळजी केली, सर. एवढं कोण करते?"

मी "हो" म्हणालो.

त्याच दुपारी त्यांचं नाव बातमीत टाकून घेतलं. माझ्या नावाच्या खाली.