स्विचबोर्डावरची टेप

माझ्या लग्नाआधी अकोल्याच्या घराला रंग दिला, तेव्हा पेंटरने सगळ्या स्विचबोर्डांवर मास्किंग टेप चिकटवली. काम संपल्यावर तो ती काढायला लागला, तर बाबांनी त्याचा हातच धरला.

"काहून काढून राह्यला बावा? बोर्ड नवे राह्यतीन ना!"

आणि ब्लेड घेऊन त्यांनी फक्त बटणांपुरती टेप कापली. टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक आजवर न काढलेला माणूस तो; मी काय बोलणार? लग्नात मात्र जो तो पाहुणा विचारायचा, "रंगाचं काम बाकी हाये काय अजून?"

अकोल्याचे उन्हाळे खाऊन टेप पापडासारखी कडक झाली. यंदा दिवाळीत माहेरी गेले, ती दिसली आणि माझं डोकंच फिरलं. हॉलमधल्या बोर्डाची टेप मी खसकन ओढली. तिच्याबरोबर आजूबाजूच्या भिंतीचा रंगही पोपड्यांसकट निघाला. आता बोलणी बसणार!

बाबांनी चष्मा लावला. भिंतीकडे ढुंकूनही न पाहता बोर्डावरून बोट फिरवलं.

"पाह्य, कसा नवाकोरा राह्यला! लाव आता टेप परत."